पिल्लू मोठेपणी केवढं होईल? कोकणातल्या कुत्रेवाल्यांनो, अनुभव लिहा

ओळखीच्या बागायतदारांनी बागेतलं एक पिल्लू दिलंय. आई गावठी, बाप कोण ते गावालाच ठाऊक. "तीनेक महिन्यांचं असेल," म्हणाले. आम्ही रत्नागिरीत दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्या आणि चिंचोळी गॅलरी. शेजारी पंजे बघून घाबरवून गेलेत. ज्यांनी पिल्लं वाढवलीत त्यांनी सांगा, आधी काय वाटलं होतं आणि शेवटी काय निघालं? जातिवंत कुत्र्यांचे तक्ते नकोत, ते बघून झालेत.

गुहागर
पंज्यांवर जाऊ नका. आमच्याकडे एकाच विणीतले दोघे भाऊ आहेत. जाड पंजेवाला आईएवढाच राहिला, दुसरा तिच्यापेक्षा वीतभर उंच झाला. एका विणीतल्या पिल्लांचे बाप वेगवेगळे असू शकतात, हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा कोडं सुटलं. आई बघून या, निम्मा अंदाज तिथेच येतो.

देवगड
वजन करा. आम्ही पिल्लू पिशवीत घालून काजू-बी खरेदीच्या काट्यावर नेलं होतं. व्यापाऱ्याने न हसता विचारलं, "ओली की सुकी?" मध्यम चणीच्या कुत्र्याचा ढोबळ हिशेब असा, की चार महिने पुरे झाल्यावर जे वजन भरेल त्याच्या साधारण दुप्पट. आमचा तेव्हा साडेआठ किलो होता, आता अठराच्या आसपास आहे.

पण या हिशेबाचं सगळं गणित वयावर, आणि वय कोणी धड सांगत नाही. त्यासाठी ओठ वर करून दात बघा. पुढचे दुधाचे दात चौथ्या महिन्याच्या सुमारास पडायला लागतात, सहा-सात महिन्यांत सगळे पक्के दात येतात. पाच महिन्यांचं पिल्लू तीनचं समजून हिशेब केलात तर घरात वाघ येणार असंच वाटेल. आणि जंताचं औषध देऊन मगच तोला. जंतांनी पोट टम्म झालेलं पिल्लू उगाच गुटगुटीत दिसतं.

दापोली
आम्हाला शहरातल्या एकाने "प्युअर लॅब" (लॅब्रॅडॉर) म्हणून पैसे मोजून घेऊन दिला. सहाव्या महिन्यात कान उभे! लॅबचे कान लोंबतेच राहतात. जातिवंत नर लॅब २९ ते ३६ किलोंचा, आमचा वीसवर थांबला. तुमचं गावठी आहे हे निदान खरं तरी सांगितलंय. गावठी बहुतेक १५ ते २५ किलोंत बसतं.

वेंगुर्ला
खायला घालून उंची वाढत नाही हो, रुंदी वाढते. सासूबाई रोज तारल्या उकडून, काटे काढून भातात कालवायच्या. कुत्री ओटीवरून उतरताना धापा टाकायला लागली तेव्हा हात आखडला. कॅल्शियमची पावडरही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. मोठ्या चणीच्या पिल्लांची हाडं तिने बिघडू शकतात.

चिपळूण
राखणीला मोठा हवा म्हणून लोक वाट बघतात. आमच्या वाडीत बिबट्याने चांगला दांडगा कुत्रा पडवीतून उचलला. लहान असो की मोठा, रात्री आत घ्या.

धागाकर्ती, रत्नागिरी
आत्ताच दात बघितले. खालचे पुढचे दोन नवे आलेत, म्हणजे तीन नव्हे, चार महिने उलटलेत. मासळीवाल्या मावशींनी काटा धुऊन दिला, साडेसात किलो भरली. मादी आहे.

मालवण
मग चौदा-पंधरा किलो धरा, गॅलरीत मावतली! मादी नरापेक्षा हलकीच असते. उंची साधारण आठ-दहा महिन्यांत थांबते, छाती भरायला वर्ष-सव्वा वर्ष जातं. हाडं वाढतात ती टोकाकडच्या कूर्चेतून, म्हणजे मऊ हाडातून, ती पक्की झाली की उंची संपली. फार लवकर नसबंदी केली तर ही कूर्चा उशिरा पक्की होते आणि पाय जरा लांब होऊ शकतात, तेव्हा कधी करायची ते डॉक्टरांशी बोलून ठरवा. गळपट्टा मात्र आत्ताच महागातला घेऊ नका. नायलॉनचा, सरकवता येणारा घ्या. पट्ट्याखाली दोन बोटं जातायत का ते दर आठवड्याला बघा, या वयात पट्टा कधी आवळला ते कळतसुद्धा नाही.