‘खून करू नको’ की ‘जीव घेऊ नको’? एका हिब्रू क्रियापदाचा वाद

रानवाट: बायबलच्या दहा आज्ञांतली ‘लो तिर्त्साख’ (मराठीत ‘खून करू नको’) हिब्रूत अवघ्या दोन शब्दांची. फाशी, युद्ध, अगदी मांसाहारावर वाद निघाला तरी ‘बायबलच सांगतं, जीव घेऊ नको’ असं कुणीतरी सुनावतंच. मला हे मुळीच पटत नाही. हिब्रूत मारण्याला ‘हारग’, ‘हेमित’ ही क्रियापदं आहेत, जनावर कापायला ‘शाखत’ आहे. आज्ञेत मात्र ‘रात्साख’ आहे (‘तिर्त्साख’ हे त्याचंच रूप), आणि लढाईत शत्रूला मारणं त्यात येत नाही. नाबोथाला खोट्या आरोपात मारवून त्याचा द्राक्षमळा ताब्यात घेणाऱ्या अहाब राजाला एलीया संदेष्टा जाब विचारतो, ‘खून केलास आणि वर वतनही घेतलंस?’ तिथे हेच क्रियापद. १६११ च्या किंग जेम्स भाषांतरात ‘किल’ आलं आणि इंग्रजी वाचणाऱ्यांत घोळ पसरला. मराठी पवित्र शास्त्रातलं ‘खून’ हेच बरोबर.

सांजवारा: नाही, इतकं सोपं नाही हे. बायबलातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाचा १९वा अध्याय उघडा. दोघं शेजारी रानात लाकूड तोडायला जातात. एकजण कुऱ्हाड उगारतो, पातं दांड्यातून निसटतं आणि दुसऱ्याला लागतं. तो मरतो. मनात वैर नाही, काही नाही. तरी कुऱ्हाडवाल्याला मूळ मजकूर ‘रोत्सेआख’च म्हणतो, ‘रात्साख’वरूनच आलेला शब्द, म्हणजे तुमच्या भाषांतरात खुनी! सूड घ्यायला निघालेल्या नातलगापासून वाचायला तो शरणपुरात पळतो, आणि ‘गणना’ या पुस्तकाच्या ३५व्या अध्यायाप्रमाणे महायाजक (प्रमुख पुरोहित) मरेपर्यंत तिथेच राहतो. अशी सहा शरणपुरं सांगितली आहेत. (नाशिकचं शरणपूर आठवलं. सुटका झालेल्या आफ्रिकी गुलामांना तिथे आसरा मिळाला होता.) गणना ३५ च्याच ३०व्या ओवीत साक्षीदारांच्या तोंडी शाबीत झालेल्या खुन्याला देहदंड द्यायचा आहे, आणि त्या देहदंडालाही क्रियापद ‘रात्साख’च. मग ‘खून’ कसा बसेल? आपल्याकडे कायद्यातही खून वेगळा आणि सदोष मनुष्यवध वेगळा. मी ‘मनुष्यवध’ लिहीन.

रानवाट: कुऱ्हाडीचा दाखला बिनतोड आहे, मान्य. पण ‘वध’ नको हो! कंसवध, रावणवध. मराठी कानाला वध म्हणजे दुष्टाला मारणं, जवळजवळ पुण्यकर्मच. आज्ञा नेमकी उलटी वाजेल. आणि ३०व्या ओवीत खुन्याचाच शब्द त्याच्यावर उलटवलाय, ‘जसं केलंस तसं भर’ या चालीवर. तेवढ्यावरून आज्ञेचा अर्थ ठरवू नये.

पिंपळपान: आमच्या वसईच्या कॅथलिक घरात हीच पाचवी आज्ञा, कारण क्रम वेगळा लावतात. मुळात हिब्रूत त्यांना ‘आज्ञा’ही म्हटलेलं नाही, ‘असेरेत हद्वारीम’ म्हणजे दहा वचनं म्हटलंय. पुढचं ‘लो तिग्नोव’ घ्या. आपण ‘चोरी करू नको’ म्हणून मोकळे होतो, पण तालमूद या ज्यू ग्रंथातल्या रब्बींनी, म्हणजे धर्मगुरूंनी, इथे माणूस पळवण्याची चोरी धरली, कारण शेजारच्या दोन्ही गुन्ह्यांना, खून आणि व्यभिचाराला, देहदंड आहे. तेव्हा एकटं क्रियापद धरून भांडू नका, शेजारच्या ओळीही वाचा.

सांजवारा: शेजारच्या ओळी जरूर वाचू. पण रानवाट, तुमच्या ‘खून’ने तो लाकूडतोड्या सुटतो, आणि हिब्रू मजकूर त्याला सोडत नाही. त्याला गाव सोडावं लागतं. हातून माणूस गेला, हेतू असो वा नसो, त्याची भरपाई त्या समाजात पैशानेही होत नव्हती. गणना ३५:३२ मध्ये शरणपुरात पळालेल्याकडून खंडणी घेऊन त्याला घरी परतू द्यायला साफ मनाई आहे.