सांधेदुखीवर शिंपल्यांचा अर्क: याला औषध म्हणायचं का?

तापीकाठ (भुसावळ):
आई ६८ वर्षांची, गुडघे पार गेलेत. ओळखीच्या एका एजंटानं 'समुद्री अर्क, शंभर टक्के नैसर्गिक' म्हणून कॅप्सूल आणून दिल्या. महिन्याला अडीच हजार. दोन महिन्यांनी मी एक कॅप्सूल बशीत फोडली. करडी-हिरवट पूड, आणि वास थेट आठवडे बाजारातल्या सुकटीचा. डबी भिंगाखाली धरली तेव्हा बारीक अक्षरांत सापडलं: हिरव्या शिंपल्यांतल्या प्राण्याचा अर्क. आई माळकरी, मुक्ताईनगरची वारी न चुकवणारी. सांगितलं तर एवढंच म्हणाली, "मले आधी कायले नाही सांगितलं?"

माझं म्हणणं असं: समुद्रातल्या जिवात औषधी गुण असतात हे मान्य. पण गुण असले म्हणून त्याचा अर्क लगेच औषध होत नाही. इथं गुणांच्या नावावर अर्क विकला जातोय.

वैद्य_धुळे:
एजंटाची लबाडी वेगळी आणि अर्क वेगळा, भाऊ. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनं हिरव्या शिंपल्यांपासून सांधेदुखीसाठीच अर्क तयार केलाय. सरकारी संस्था आहे ती. न्यूझीलंडच्या हिरव्या कडांच्या शिंपल्यांचा अर्कही कित्येक वर्षं सांध्यांसाठी विकला जातो. शिवाय शंखभस्म, शुक्तिभस्म, मुक्तापिष्टी या गोष्टी आपण किती पिढ्या वापरतोय? आईंच्या डब्यात शंखवटी नाही का? शंख तरी कुणाचा असतो?

औषधी_दुकान_चोपडा:
वैद्यबुवा, शंखाची गल्लत करू नका. शंख म्हणजे मुळात कॅल्शियम कार्बोनेट, तो भाजून भस्म करतात आणि पित्तावर देतात. शिंपल्याच्या अर्कात मांसातला स्निग्धांश असतो, त्यातल्या ओमेगा-३ मुळे सूज उतरावी ही अपेक्षा. दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही. या अर्कांच्या माणसांवरच्या चाचण्यांचे निकालही एकसारखे नाहीत. काहींत थोडा आराम दिसला, काहींत फरकच नाही. आणि ज्याला कोळंबी-शिंपल्यांची ॲलर्जी आहे त्याच्या जिवावर बेतू शकतं. खान्देशात कित्येकांनी शिंपले आयुष्यात चाखलेले नसतात, मग ॲलर्जी आहे की नाही हे कळणार कसं?

तापीकाठ, डबी आहारपूरक म्हणून विकली असेल तर तिच्यावर मांसाहारी खूण असायलाच हवी. बघा बरं.

जीवशास्त्र_जळगाव:
मी कॉलेजात शिकवते. या धाग्यात खरं औषध कुठंच आलं नाही, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

कोन स्नेल ही समुद्री गोगलगाय दाताचा भाल्यासारखा काटा मारून माशाला जागीच लुळा करते. तिची एक मोठी जात माणसालाही मारू शकते. फिलिपिन्सचे शास्त्रज्ञ बाल्डोमेरो ऑलिव्हेरा यांनी या विषाचा पिच्छा पुरवला. विषात कितीतरी वेगवेगळे पेप्टाइड, म्हणजे प्रथिनांसारख्याच पण छोट्या साखळ्या, निघाले. त्यांतलं एक फक्त २५ अमिनो आम्लांचं, ते मज्जारज्जूत वेदनेचा निरोप पुढं नेणारे कॅल्शियमचे मार्ग बंद करतं. तेच प्रयोगशाळेत जसंच्या तसं बनवलं, नाव झिकोनोटाइड. अमेरिकेत २००४ मध्ये मान्यता मिळाली. मॉर्फिनसारखं व्यसन लागत नाही. पण ते पंपानं थेट पाठीच्या कण्यातल्या द्रवात सोडावं लागतं, आणि भ्रम, गोंधळ असे मानसिक त्रास होऊ शकतात.

सी हेअर नावाच्या समुद्री गोगलगायीत डोलास्टॅटिन हे पेशी मारणारं द्रव्य सापडलं, तेही मुळात तिनं खाल्लेल्या सूक्ष्म जिवांचं. ते जसंच्या तसं रुग्णांत चाललं नाही. त्याचाच कृत्रिम भाऊबंद कर्करोगाच्या पेशी हेरून चिकटणाऱ्या अँटिबॉडीला जोडला तेव्हा कुठं २०११ मध्ये हॉजकिन लिम्फोमा या कर्करोगावर औषध मिळालं.

रेणू वेगळा काढला, मात्रा ठरवली, धोके लिहून ठेवले. पूड भरलेल्या कॅप्सूलमागं यातलं किती झालंय?

वैद्य_धुळे:
ताई, कण्यात पंप बसवणं आमच्या शिरपूर-साक्रीच्या म्हातारीला झेपणार आहे का? ती वेदनेची गोळी खाऊन शेतात जाते, वर्षानुवर्षं. त्यानं पोट जातं, मूत्रपिंड जातं. अशा बाईला सौम्य अर्कानं चार आणे जरी आराम पडला तरी मला तो मोलाचा आहे. रेणू सापडेपर्यंत तिनं कण्हत बसावं, हे मला पटत नाही.

जीवशास्त्र_जळगाव:
गोळ्यांबद्दल तुमचं शंभर टक्के खरं. पण ती बाई महिन्याला अडीच हजार कुठून आणणार? केळीच्या बागेत मजुरीला जाणाऱ्या बायका मी रोज बघते.

तापीकाठ (भुसावळ):
डबी पुन्हा पाहिली, मांसाहारी खूण नाहीच. वैद्यबुवांचा शंखवटीचा मुद्दा मला लागला होता, कारण ती खरंच आईच्या डब्यात आहे. तिलाच विचारलं. म्हणाली, "तिच्या नावातच शंख हाये, मले माहीत व्हतं." उरलेल्या कॅप्सूल उद्या एजंटाला परत करतोय. सोमवारी हाडांच्या डॉक्टरांकडे नेतो.

वैद्य_धुळे:
न्या. आणि त्या रोज वेदनेची गोळी घेत असतील तर जाण्याआधी मूत्रपिंडासाठी रक्तातलं क्रिएटिनिन तपासून घ्या, रिपोर्ट सोबत ठेवा.