प्रकल्पाचा विषय गावातलाच असावा

शालेय इतिहास प्रकल्प म्हणजे आंतरजालावरून उतरवलेला मजकूर आणि चिकटवलेली चित्रे, त्यातून नागरिकशास्त्राला काय लाभ, हा आपला आक्षेप बराचसा रास्त आहे. मात्र दोष प्रकल्पाचा नसून विषयाच्या निवडीचा आहे, असे मला वाटते. मराठवाडा ज्याचा भाग होता ते निजामाचे हैदराबाद संस्थान भारतात सामील झाले, त्या १७ सप्टेंबर १९४८ च्या आगेमागे आपल्या गावात काय घडले, या प्रश्नाचे तयार उत्तर मराठवाड्यातील विद्यार्थ्याला कोठेच सापडत नाही. त्यासाठी जुन्या नोंदी पाहायला तहसील कार्यालयात रीतसर अर्ज करावा लागतो, उर्दू कागद वाचणारे जाणकार शोधावे लागतात आणि वयोवृद्धांशी बोलावे लागते. एका घरात रझाकारांच्या, म्हणजे निजामाच्या बाजूच्या सशस्त्र स्वयंसेवकांच्या, अत्याचारांच्या आठवणी निघतात, तर दुसऱ्या घरात पोलीस कारवाईनंतर (संस्थानावरील भारतीय लष्कराच्या कारवाईनंतर) मुस्लिम कुटुंबांवर ओढवलेल्या हिंसेच्या, जिची चौकशी करणाऱ्या सुंदरलाल समितीचा अहवाल कित्येक दशके अप्रकाशित राहिला. दोन्ही बाजू ऐकून, पडताळून लिहिणे हेच नागरिकशास्त्राचे खरे प्रात्यक्षिक आहे. (त्याला गुण किती द्यावेत, हा भाग वेगळा.)

१९३८ मध्ये औरंगाबादच्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी 'वंदे मातरम्' म्हणण्याच्या हक्कासाठी लढा दिला, आणि त्याच वर्षी हैदराबाद स्टेट काँग्रेस या संस्थानातील राजकीय संघटनेवर आलेली बंदी १९४६ पर्यंत टिकली. अभिव्यक्तीचे आणि संघटनेचे स्वातंत्र्य देणारे राज्यघटनेचे कलम १९ केवळ पाठ करणाऱ्या मुलांना हे तपशील स्वतः शोधू द्यावेत. शिक्षकांनी फक्त गट लहान ठेवावेत आणि मुलाखतीपूर्वी संबंधितांची संमती घ्यावी.