सून म्हणते ३३ अंशांत 'हीट वेव्ह'. मे महिन्यात ४३ काढलेल्या सासूने काय म्हणावं?

दांडियाबाजारची आजी, वडोदरा

नमस्कार मंडळी. प्रश्न हवामानाचा आहे, पण थोडा घरचाही आहे. सांभाळून घ्या.

मुलगा-सून अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या सान डिएगोला असतात. समुद्र घरापासून पाचेक किलोमीटर. नातू चौदा महिन्यांचा. परवा सुनेने तिकडच्या हवामान खात्याचा इशारा पाठवला: किनाऱ्यावर ९१, आतल्या दऱ्यांमध्ये १०२, वाळवंटात ११६, सगळं फॅरनहाइटमध्ये. मी दूधवाल्याच्या हिशेबाच्या कागदावरच आकडेमोड केली. ३२ वजा, पाचने गुणा, नऊने भागा. आले ३३, ३९ आणि ४७. वाळवंटाचं सोडा, तिथे यांचं घर नाही. पण ३३ साठी इशारा?

त्या वेळी मी मोदकांची उकड मळत होते. गॅस फडफडतो म्हणून पंखा बंद, पातळ पाठीला चिकटलेलं, वर हा भादव्याचा बफारा. बोलून गेले, "अगं, आम्ही मे महिन्यात ४३ मध्ये गच्चीवर कुरडया घातल्या. तुम्हाला ३३ मध्ये काय होतंय?" ती "हो आई" म्हणाली. बस, एवढंच. ज्यांना सुना आहेत त्यांना हे "हो आई" माहीत असेल.

रात्री मुलाचा मेसेज. लाकडी घर, वरचा मजला, एसी नाही, छताला पंखासुद्धा नाही. रात्री अकराला खोलीत ३१. पोरगं झोपत नाही, नुसतं किरकिरतंय. मी शहाणपणा करून सांगितलं की खिडकीला ओल्या चादरी लावा, माझी आजी लावायची. तर म्हणे, त्याने जास्तच घुसमटतंय.

आता त्यांच्यापुढे दोन वाटा आहेत. पंचवीस किलोमीटर आत, एल कहोनला मित्राचं एसीचं घर आहे. आणि वाळवंटातल्या पाम स्प्रिंग्जला शनिवार-रविवारचं हॉटेल आधीच बुक आहे, पैसे परत मिळत नाहीत. दोन्ही जागा घरापेक्षा गरम! कुठे जावं? आणि खरं सांगा, मी चुकले का?

ग्वाल्हेरवाला

आजी, चादरीचं आधी सांगतो, कारण तो आमचा विषय आहे. आमच्याकडे मे-जूनमध्ये लू चालते तेव्हा हवा इतकी कोरडी असते की धुतलेला टॉवेल अर्ध्या तासात पापडासारखा होतो. पाणी उडताना हवेतली उष्णता घेऊन जातं, म्हणून कूलर चालतो, वाळ्याचे पडदे चालतात. पण तोच कूलर जुलैत लावून बघा. अंथरूण दमट, भिंतीला वास आणि माणूस होता तसाच घामाघूम. समुद्राकाठच्या बंद खोलीत ओली चादर म्हणजे जुलैतला कूलर. घामही मग अंगावरच राहतो, उडत नाही. चादर काढायला सांगा.

चुकलात का, यावर मी बोलणार नाही. माझी आई हा फोरम वाचते.

कारेलीबागचा परतलेला

मी सान डिएगोला नऊ वर्षं काढून आलोय, म्हणून जरा लांब लिहितो.

काकू, ३३ हा आकडा वडोदऱ्याच्या मे महिन्याशी लावू नका. तिथल्या किनाऱ्यावर या दिवसांत दुपारी पंचविसाच्या आसपास असतं. म्हणजे नेहमीपेक्षा आठ अंश जास्त. आपल्याकडे मेमध्ये चाळीस-एकेचाळीस नेहमीचंच. त्यात आठ मिळवा. दांडियाबाजारात ४८-४९ झालं तर तुम्ही कुरडया घालाल?

कारण असं की तिथल्या समुद्रात उत्तरेकडून थंड प्रवाह येतो. त्याच्यावरची हवा गार, जड. सकाळी धुक्यासारखा ढगांचा थर शहरावर येऊन बसतो. मे-जूनमध्ये तर दुपारपर्यंत सूर्य दिसत नाही, नवीन माणूस वैतागतो. हाच त्यांचा एसी. उष्णतेच्या लाटेच्या वेळी वरून जास्त दाबाची हवा बसते आणि हा थर दाबून पातळ करते. कधी वारा उलटा, वाळवंटाकडून डोंगर उतरून येतो. उतरताना हवा दाबली जाते, त्यामुळे किलोमीटरमागे सुमारे दहा अंशांनी तापते. त्याला सांता आना म्हणतात, त्याचा खरा मोसम पुढे शरदापासून. दऱ्यांना मधल्या टेकड्यांमुळे समुद्राचा वारा पुरेसा मिळत नाही, म्हणून अर्ध्या तासाच्या ड्राइव्हमध्ये सहा-सात अंश चढतात. वाळवंट डोंगरापलीकडे, तिथे तो वारा पोचतच नाही.

आता गंमत बघा. वाळवंटातल्या माणसाकडे एसी असतोच. दरीतही बहुतेकांकडे. किनाऱ्यावरची जुनी घरं मात्र गरज नाही म्हणून तशीच. तुमचा वाडा (मी तिकडचे वाडे पाहिलेत) दीड फुटी भिंतींचा, खाली लादी, वर पंखा. त्यांचं घर म्हणजे लाकडी खोका. दिवसभर तापतो, आणि रात्री बाहेरची हवा दमट असली की निवतच नाही. एक वाईट दुपार अंग सोसतं, पण सलग तीन रात्री झोप नाही म्हटल्यावर नाही सोसत. शिवाय अंगाला नव्या उन्हाची सवय व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात. आपल्याला मार्चपासून हळूहळू सवय होते. त्यांना मंगळवारी २५ आणि गुरुवारी ३३.

मित्राकडे जाऊ द्या. बाहेर ३९ असलं तरी रात्र २५ अंशांत झोपून निघेल. पाम स्प्रिंग्जचे पैसे गेले समजा. त्या गावात ५ जुलै २०२४ ला ५१.१ नोंदलंय. हॉटेल थंड असेल हो, पण मधल्या रस्त्यावर गाडी बंद पडली तर चौदा महिन्यांचं लेकरू घेऊन कुठे उभं राहणार? आणि "दोन मिनिटांत येते" म्हणून बाळाला गाडीत ठेवणं तर अजिबात नाही. बंद गाडी दहा मिनिटांत अकराएक अंशांनी तापते.

मित्राकडे जायला संकोच वाटत असेल तर दुपारी सरकारी लायब्ररीत जाऊन बसावं. तिथे अशा दिवसांत त्या मुद्दाम गारव्याच्या जागा म्हणून जाहीर करतात, कोणी हटकत नाही.

रत्नागिरी माहेर, अकोटा सासर

आपल्या हवामान खात्याचं मोजमापही असंच आहे, आजी. मैदानी भागात किमान ४० आणि नेहमीपेक्षा साडेचार अंश जास्त, तेव्हा उष्णतेची लाट. किनाऱ्यावर ३७ ला, डोंगरात ३० ला मोजायला सुरुवात. मी लग्न होऊन इथे आले तेव्हा ४२ मध्ये सासूबाई आरामात छास ढवळत बसायच्या आणि मला चक्कर यायची. माहेरी ३४ मध्ये त्यांना आणलं तर दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "मला परत ने, इथे श्वास घेता येत नाही." आठवलं की अजून हसू येतं.

अहमदाबादची गोष्ट मात्र हसण्यासारखी नाही. २०१० च्या मे महिन्यात पारा ४६.८ ला गेला आणि त्या एका महिन्यात नेहमीपेक्षा १३४४ मृत्यू जास्त झाले. तेही उन्हाची सवय असलेल्या शहरात. त्यानंतर २०१३ मध्ये तिथे उष्णतेचा कृती आराखडा आला, दक्षिण आशियातला पहिला. म्हणून सवयीची फुशारकी आपणही जपूनच मारावी.

बाळाचं: लंगोट किती वेळा ओला होतोय ते मोजायला सांगा. लघवी कमी झाली, रडताना अश्रू नाहीत, सुस्त पडलं, तर डॉक्टर. घरगुती उपाय नकोत. आणि हो, आधी सुनेला फोन करा.

दांडियाबाजारची आजी, वडोदरा

मंडळी, केला फोन. "मी हिशेब केला पण चुकीच्या गावाचा केला," एवढंच म्हटलं. ती गप्प बसली. मग म्हणाली, "आई, मोदकांना चिरा पडतात, उकडीत तेल किती घालायचं?" एल कहोनला मित्राच्या स्वयंपाकघरात उभी होती. मागे एसीची घरघर ऐकू येत होती. नातू चार तास सलग झोपलाय म्हणे, उठून बघतच नाही.

चादरी काढल्या. हॉटेलवाल्याने तारीख पुढे ढकलून दिली, डिसेंबरची.

ग्वाल्हेरवाल्या, तुझ्या आईला नमस्कार सांग. आणि कारेलीबागवाल्या भाऊ, वाड्याची भिंत दीड नाही, पावणेदोन फूट आहे.