गाडीच्या स्क्रीनवरून फोन तुटतोय? मराठवाड्यातल्या चालकांनो, अनुभव सांगा

फोनवरचा नकाशा, गाणी गाडीच्या स्क्रीनवर आणणारं अँड्रॉइड ऑटो किंवा (आयफोनसाठीचं) कारप्ले चालता चालता बंद पडतं, नकाशा ऐन चौफुलीवर गायब होतो आणि सर्व्हिस सेंटरला गाडी नेली की सगळं सुरळीत. हे इतक्या जणांकडून ऐकलंय की एकदा सगळं एका जागी यायलाच हवं. लिहिताना दोन गोष्टी नक्की सांगा: फोन वायरने जोडता की वायरलेस, आणि तुटतं ते नेमकं कधी? खड्ड्यात, उन्हात, की गाडी सुरू करतानाच? ‘कनेक्ट होत नाही’ एवढ्यावरून काहीच कळत नाही. आणि दुरुस्त करताना एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर चालू झालं तरी कशाने झालं ते समजत नाही.

मानवत, कापूस व्यापारी

हंगामात आमचा दिवस जिनिंगवर जातो, फोन शर्टच्या खिशात. दिवाळीनंतर खड्डा आला की स्क्रीन काळी. नवी केबल घेतली, फरक नाही. परभणीच्या मोबाईल दुरुस्तीवाल्या पोराने चार्जिंगच्या खाचेत बॅटरी मारून पाहिलं, तर आत कापसाचे बारीक तंतू दाबून बसलेले. पिन पूर्ण आत जातच नव्हती. चार्जिंग मात्र व्हायचं, मग शंका कशी येणार? फोन बंद करून लाकडी टूथपिकने हलक्या हाताने काढलं. सुई-टाचणी घालू नका, आतल्या धातूच्या पट्ट्या बिघडतात. जिनिंगवर, सरकीच्या गोदामात वावरणाऱ्या प्रत्येकाने आधी हेच बघावं.

लातूर, शिक्षिका

दादांचं बरोबर आहे. त्यात एक भर घालते: चार्जिंग होतं म्हणजे केबल चांगली, असं धरू नका. वीज वाहणाऱ्या तारा वेगळ्या, डेटाच्या वेगळ्या, आणि काही स्वस्त केबलींत डेटाच्या तारा नसतातच. केबल लॅपटॉपला लावून फोनमधले फोटो उघडतात का पाहा. नाही उघडले तर आधी फोनवर फाइल ट्रान्सफर निवडून बघा, तरीही नाही तर केबल बदला. एक मीटरच्या आतली घ्या, मध्ये जोड नको. गाडीतलं यूएसबी पोर्टही तपासा. बऱ्याच गाड्यांत पुढचं एकच पोर्ट स्क्रीनला जोडलेलं असतं, मागची नुसती चार्जिंगची.

नांदेड, टॅक्सीचालक

माझं वायरलेस हाय. नकाशा मधीच जायलाय, पण गाणं चालूच राहायलंय. कामून होत असंल?

धागाकर्ता, छत्रपती संभाजीनगर

भाऊ, गाणं चालू राहतं हीच मोठी खूण आहे. वायरलेसमध्ये ब्लूटूथ फक्त ओळख करून देतं. नंतर स्क्रीनचं सगळं काम फोन आणि गाडी यांच्यातल्या वायफायवर चालतं, बहुधा 5 गिगाहर्ट्झच्या. म्हणजे तुमचं ब्लूटूथ टिकून आहे, वायफायचा दुवा तरी तुटतोय किंवा फोन ते अ‍ॅपच बंद पाडतोय. फोनवर व्हीपीएन (इंटरनेट दुसऱ्या सर्व्हरमार्फत फिरवणारी सोय) असेल तर बंद करून बघा. तरीही तुटलं तर अँड्रॉइड ऑटोच्या बॅटरी सेटिंगमध्ये ‘अनरिस्ट्रिक्टेड’ निवडा, कारण बॅटरी वाचवायला फोन मागे चालणारी अ‍ॅप्स मारतो.

नांदेड, टॅक्सीचालक

व्हीपीएन नव्हतंच. बॅटरीचं केलं. देगलूरला जाऊन आलो, तुटलं नाही.

बीड

आमच्याकडे वेगळाच घोळ. मांजरसुंब्याच्या घाटाकडे नकाशा थिजतो आणि घरचे म्हणतात कनेक्शन गेलं. स्क्रीनवरची बटणं चालत असतील तर कनेक्शन शाबूत आहे, गेली ती मोबाईलची रेंज. गुगल मॅप्समध्ये जिल्ह्याचा ऑफलाइन नकाशा उतरवून ठेवा.

परभणी

मे महिन्याबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितोय. आयफोन 0 ते 35 अंशांत वापरावा असं अ‍ॅपलच सांगतं. इथे तर सावलीतच चाळिशी ओलांडते. काचेखाली ठेवलेला फोन, वर वायरलेस चार्जिंग आणि वायरलेस कारप्ले, सगळी उष्णता एकत्र. दुपारी मी केबल लावतो आणि फोन एसीच्या झोतासमोर ठेवतो. तेव्हापासून उन्हाळ्यातही टिकतं.

जालना

गाडीत दोन फोन पेअर असतील तर आधी दुसऱ्याचं ब्लूटूथ बंद करून बघा. आमचं तेवढ्यावरच भागलं.

धाराशिव

फोन अपडेट केल्यापासून कारप्ले येतच नाही. सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात स्क्रीन बदला. खर्च मोठा आहे, काय करू?

धागाकर्ता

ताई, इतक्यात बदलू नका. सेटिंग्ज, जनरल, कारप्लेमध्ये जाऊन ‘फरगेट धिस कार’ करा, गाडीच्या यादीतूनही फोन काढा आणि नव्याने जोडा. सिरी (आयफोनची बोलकी मदतनीस) चालू हवी, तिच्याशिवाय कारप्ले चालत नाही. तरीही नाही जमलं तर तुमच्या गाडीत दुसऱ्याचा आयफोन लावा आणि तुमचा फोन कारप्ले असलेल्या दुसऱ्या गाडीत. दुसऱ्याचा फोनही तुमच्या गाडीत चालला नाही, तरच स्क्रीनचा विषय काढू द्या. दोन्ही वेळचा व्हिडिओ काढून सोबत न्या.