विषय: रायफलचा हँडगार्ड बदलायचा आहे, पुढची साइट आड येते

केटीहून (इथली सगळी नावं ह्यूस्टनजवळच्या गावांची):

मंडळी नमस्कार,

पुढच्या शनिवारी रँचवर रानडुकरांच्या शिकारीला जायचं ठरलंय, म्हणून जरा लवकर उत्तरं द्या. रायफल तीच, एआर-१५, १६ इंची बॅरल, कार्बाइन गॅस (म्हणजे आखूड गॅस नळी), पुढे ती नेम धरायची त्रिकोणी पक्की साइट. मूळचा प्लॅस्टिक हँडगार्ड (बॅरलभोवतीची हात धरायची खोळ) काढून १३ इंची एम-लॉक रेल (वस्तू अडकवायला खाचा असलेला लांब हँडगार्ड) लावायची आहे. एक तर लाइट लावायला धड जागा नाही. दुसरं, स्लिंग (खांद्याचा पट्टा) साइटच्या कडीला अडकवलेली आहे, ती ताणून धरली की गोळी दुसरीकडेच लागते. पण १३ इंची रेल साइटच्या वरून जाणार कशी? रेंजवर एक जण म्हणाला साइट कापून टाक, दुसरा म्हणाला अजिबात हात लावू नकोस. काय करू?

आणि मंडळाचा टॉर्क पाना (मोजून आवळायचा) सध्या कोणाकडे आहे?

शुगरलँडहून:

अरे, रेल शेवटी निवडायची. आधी गॅस ब्लॉकचं ठरव. तुझी साइट म्हणजे नुसती साइट नाही, तोच तुझा गॅस ब्लॉक आहे. बॅरलच्या भोकातून येणारा गॅस तिथून नळीत शिरतो आणि मागे जाऊन बोल्ट कॅरियर (पुढची गोळी भरणारा सरकता भाग) ढकलतो. ती हलली की रायफल एक गोळी झाडून गप्प बसते.

लांब रेलसाठी जुना बॅरल नट (बॅरल रायफलला आवळून धरणारा) काढावा लागतो आणि तो साइटवरून निघत नाही. म्हणजे दोन टेपर पिना ठोकून साइट उतरवायचीच. पिना बारीक टोकाकडून ठोकायच्या, उलट्या बाजूने ठोकल्यास तर घट्ट होत जातात. पुढे दोन रस्ते. एक, उतरवलेली साइट वरून कापून, घासून तीच परत त्याच पिनांवर बसवायची. भोकं जुळलेली असतात, त्यामुळे गॅस चुकत नाही. दुसरा, लो-प्रोफाइल, म्हणजे रेलखाली मावणारा बुटका ब्लॉक नवा घ्यायचा. तिथे बॅरलचा व्यास आधी मोजायचा. बहुतेक ०.७५० इंच भरेल, पण बारीक बॅरल ०.६२५ चीही असते. आणि बॅरलला खड्डा पाडून त्यात स्क्रू बसवायचा. नुसत्या आवळलेल्या स्क्रूवर मी तरी विश्वास टाकत नाही. निळं लॉकटाइट (स्क्रू चिकटवायचा गोंद) तिथल्या उष्णतेने सुटतं, उष्णता सोसणारं रॉकसेट लाव.

मला विचारशील तर पहिला रस्ता. कीमॉड (एम-लॉकसारखीच खाचांची दुसरी पद्धत) स्वस्तात मिळते म्हणून घेऊ नकोस एवढं मात्र ऐक.

सायप्रसहून:

काका, कीमॉडला उगाच नावं ठेवू नका. माझ्या रायफलवर इतकी वर्षं आहे, लाइट जागचा हललेला नाही. व्हल्टरने २०१२ मध्ये आराखडा सगळ्यांसाठी खुला केला होता, कोणीही बनवावी. मॅगपुलची एम-लॉक २०१४ ची.

शुगरलँडहून:

खुला होता, मान्य. पण लष्कराच्या स्पेशल ऑपरेशन्सवाल्यांसाठी नौदलाच्या क्रेन केंद्रात दोन्हींची तुलना झाली, त्याचे निकाल २०१७ मध्ये बाहेर आले आणि एम-लॉक सरस ठरली. काढून परत लावल्यावर वस्तू त्याच जागी बसते का, आपटल्यावर टिकते का, हे सगळं तपासलं होतं. तुझी चालतेय तर वापर. नव्याने घेणाऱ्याला मी एम-लॉकच सांगणार, कारण कीमॉडसाठी नव्या वस्तू आता फारशा निघत नाहीत.

वुडलँड्सहून:

कीमॉडचा विषय बाजूला ठेवा, त्याची अडचण बॅरल नटची आहे.

हे बघ, साध्या नटला ३० ते ८० फूट-पाउंड लागतात. एवढी मोठी मर्यादा यासाठी की नटच्या खाचेतून गॅस नळी जाते आणि खाच समोर यावी लागते. ३० ला आली नाही तर पुढच्या खाचेपर्यंत आवळायचं, मागे सोडून जुळवायचं नाही. नव्या रेलचा नट वेगळा असतो, काहींना खाचाच नसतात, पातळ चकत्या घालून जुळवतात. तेव्हा तिच्या कागदावरचा आकडाच पाळायचा. आट्यांना ग्रीस हवंच, नाहीतर स्टीलचा नट ॲल्युमिनियमच्या आट्या खातो.

अपर (बॅरल बसते तो वरचा सांगाडा) थेट शेगड्यात (बेंच व्हाइसमध्ये) धरू नकोस, चेपेल. त्याला आतून धरणारा रिॲक्शन रॉड माझ्याकडे आहे, घेऊन जा.

नळी बसवल्यावर अपरच्या मागून आत बघ. नळीचं टोक मधोमध दिसलं पाहिजे. मग नुसता कॅरियर आत सरकव, बोल्ट न घालता. शेवटच्या इंचाला कॅरियरची चावी नळीवर चढते, तिथे अडखळ जाणवली तर थांब. नळी एका बाजूला घासतेय. बोटाने किंचित वाकवून परत बघ. हे न बघता लोक रेल चढवतात, मग गोळ्या अडकल्या की गॅस ब्लॉकला दोष देतात.

अजून एक. कापलेल्या साइटच्या बदली रेलच्या पुढच्या टोकावर घडीची साइट लावणार असशील तर रेल नटभोवती फिरू नये म्हणून तिला अडकण हवी. रेल जरा फिरली तरी साइट फिरते.

पेअरलँडहून:

मलापण यायचंय! माझं एच-१बी आहे. टेक्ससमध्ये खासगी जमिनीवर रानडुकरांना लायसन्स लागत नाही ना आता? मी कोणाची तरी रायफल वापरेन.

शुगरलँडहून:

थांब. राज्याचा नियम वेगळा, केंद्राचा वेगळा. सप्टेंबर २०१९ पासून मालकाच्या परवानगीने खासगी जमिनीवर डुकरं मारायला टेक्ससमध्ये हंटिंग लायसन्स लागत नाही, हे खरं. पण नॉन-इमिग्रंट व्हिसावर असलेल्याला केंद्रीय कायद्याने बंदूक किंवा गोळ्या जवळ बाळगायलाच मनाई आहे, दुसऱ्याची हातात घेतली तरी तेच. त्यातून सुटका देणाऱ्या अपवादांपैकी एक म्हणजे चालू हंटिंग लायसन्स. म्हणजे डुकरासाठी नाही, तुझ्या व्हिसासाठी लायसन्स हवं. ते काढ. २ सप्टेंबर १९७१ किंवा नंतरचा जन्म असेल तर हंटर एज्युकेशनचंही (शिकारीच्या प्रशिक्षणाचं) बघावं लागेल. तुझं ग्रीन कार्ड रांगेत आहे, वकिलाला विचारल्याशिवाय हात लावू नकोस.

आणि रँचची यादी माझ्याकडे आहे. मालकाला मी शब्द दिलाय. परस्पर कोणी माणसं वाढवू नका.

खजिनदार:

टॉर्क पान्याबद्दल. तो ढोल पथकाच्या ट्रेलरच्या चाकांसाठी घेतला आहे. गणपतीनंतर परत पेटीत आला पाहिजे होता, आलेला नाही. ज्याच्याकडे असेल त्याने मला कळवा, मी नोंद करूनच पुढे देईन. आपापसात फिरवू नका.

सायप्रसहून:

पाना माझ्याकडे आहे, उद्या आणून देतो. केटीवाल्या मित्रा, शनिवारसाठी एवढी उस्तवार कशाला? ७ इंची दोन तुकड्यांचा हँडगार्ड लाव. डेल्टा रिंग (हँडगार्डचं मागचं टोक धरणारी कडी) मागे दाबली की जुना निघतो, नवा बसतो, साइटला धक्का नाही. मॅगपुलचा एमओई आहे, त्याला एम-लॉकच्या खाचा आहेत.

वुडलँड्सहून:

शनिवारपुरतं हे बरोबर आहे. पण त्याने स्लिंगचा प्रश्न सुटत नाही. तो हँडगार्ड पुढे टोपीत बसतो, टोपी साइटला टेकते, म्हणजे ताण बॅरलवर येतोच. आणि लाइट एवढा मागे राहिला की उजेडात बॅरलची सावली पडते. बाजूला लाव, खाली नको.

केटीहून:

ताई, काका, पटलं. शनिवारसाठी एमओई लावतो, स्लिंग सैल ठेवून नेम धरतो. १३ इंचीची ऑर्डर आजच देतो, साइट कापून तीच परत बसवू. काका, पिना काढायला तुमच्याकडे येऊ का?

शुगरलँडहून:

ये, रविवारी दुपारी. पिनांचा ठोका (पंच) आणि पितळी हातोडी आहे. शनिवारी सगळ्यांनी उजेड असतानाच या. हँडगार्ड बदललेल्याने पहिल्यांदा कागदावर गोळ्या मारून साइट तपासायची, मगच बाकीचं. रात्री लाइट लावून बसणार आहोत, तेव्हा गेम वॉर्डनला (शिकारीवर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्याला) मी आधी फोन करून ठेवतो.