मदत हवी आहे: जोनी मिचेलचं कोणतं चरित्र घ्यावं?

कॅनेडियन गायिका-गीतकार जोनी मिचेलवरच्या दोन पुस्तकांत अडकलोय. एक डेव्हिड याफींचं ‘रेकलेस डॉटर’ (२०१७), दुसरं अ‍ॅन पॉवर्स यांचं ‘ट्रॅव्हलिंग’ (२०२४). याफींनी तिच्याशी प्रत्यक्ष बोलून लिहिलंय, तर पॉवर्सबाईंनी मुद्दाम तिची मुलाखत घेतली नाही. ऑनलाइन परीक्षणं वाचली, पण एकाला जे आवडलं तेच दुसऱ्याला खटकलेलं. नमुना प्रकरणं चाळली. त्यात बालपणापलीकडे फारसं हाती लागलं नाही.

मला हवंय ते गाण्यांबद्दल. नवव्या वर्षी पोलिओ झाला, डावा हात कमजोर राहिला, म्हणून ती गिटारच्या तारा वेगळ्याच सुरांत लावायला लागली, इथपर्यंत माहीत आहे. पण ‘ब्लू’ (१९७१) या अल्बमपासून ‘हेजिरा’ (१९७६) या अल्बमपर्यंत चाली आणि शब्द कसे बदलत गेले, जॅझवाल्यांसोबत काम करताना काय झालं, हे नीट उलगडून सांगणारं पुस्तक हवं. कोणाबरोबर कधी राहिली याची जंत्री नको, ती कुठेही मिळते.

गिटार जेमतेम वाजवतो, स्टाफ नोटेशन (पाच रेघांवरची पाश्चात्त्य स्वरलिपी) वाचता येत नाही. छापील प्रत महाग पडते, त्यामुळे एकच घेणार, ई-बुक चालेल. शीला वेलर यांचं ‘गर्ल्स लाइक अस’ सुचवू नका, त्यात जोनी तीन गायिकांपैकी फक्त एक आहे.

दोन्ही वाचलेलं कोणी आहे का? आणि याफी तिच्या शब्दावर फार विसंबतात, की कुठे उलटतपासणीही करतात?